लोरीनचा फ्रीज

"फ्रीजमध्ये मांस भाजायला निघालेली बाई आज बघितली," कुंपणावर कोपरं टेकून ओडिलॉन म्हणाला. "आता आइस्क्रीम चुलीवर लाव."

लोरीनने मान वर केली नाही. अंगणात आडव्या पाडलेल्या जुन्या फ्रीजच्या बुडाला ती ड्रिलने भोक पाडत होती.

"भाजणार नाही, भावोजी. धुरी देणार. आत विजेची शेगडी, तिच्यावर लाकडाच्या चिपट्या."

"आणि आतलं प्लास्टिक? ते वितळून मांसावर ठिबकेल. आत पत्रा असलेला फ्रीज लागतो, जुन्या काळचा. कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार?" लोरीन म्हणाली आणि पुन्हा ड्रिल चालू केला.

खरंच, कोण सांगणार? तिचा नवरा, म्हणजे ओडिलॉनचा भाऊ क्लेबर वारला त्याच आठवड्यात ओडिलॉनने धुरीघराला कुलूप घातलं होतं. बाबांनी ते दोन्ही मुलांसाठी बांधलं होतं, पण मिसिसिपीहून आलेल्या सुनेसाठी नाही, असं ओडिलॉनचं म्हणणं. बाबांच्या हातच्या टासोची, म्हणजे धुरी दिलेल्या मसालेदार मांसाची, कृती त्याला एकट्यालाच ठाऊक होती, आणि ही बया माहेरी परत गेली की शेजारची तिची जमीनही आपसूक त्याच्याकडे येणार होती.

पण ती जाईना. उलट चर्चच्या जत्रेत गम्बोच्या, त्या दाट रश्शाच्या, मोठ्या कढईत आपला टासो पडावा म्हणून तिने फादरकडे नाव दिलं. कढईत ज्याचा टासो पडतो त्याच्या दारात वर्षभर गिऱ्हाईक येतं. तिचा पडला तर ती इथेच राहणार, नाही पडला तर घर विकणार. हे तिनेच गावभर सांगितलं होतं.

म्हणून ओडिलॉन रोज कुंपणाशी यायचा. तिची फजिती बघताना त्याला जेवण गोड लागायचं.

तिने फ्रीजच्या भिंतीच्या पोकळीत फोम ठासला. "पेटेल तो," ओडिलॉन हसला. "न जळणारी दगडी लोकर घालतात, अक्कलशून्य बाई." दुसऱ्या दिवशी तिच्या गाडीत दगडी लोकरीचे गठ्ठे दिसले, पण फ्रीजमध्ये फोम होता तसाच. माळ्यावर टाकले असतील, असं त्याला वाटलं.

तिने जस्ताच्या मुलाम्याच्या जाळ्या लावल्या. "तापल्यावर विष सुटतं त्यातून. स्टीलच्या आण. का फादरला वर पोचवायचंय?"

"हो का," लोरीन म्हणाली. जाळ्या काही बदलल्या नाहीत.

मग तिने दाराच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या. "अगं, धूर कोंडला की मांस कडू होतं. खालून हवा आत, वरून धूर बाहेर. वरच्या भोकाचं झाकण बोटभर उघडं ठेवायचं. लहान पोरालाही कळतं."

"बोटभरच का?"

"जास्त उघडलंस तर ऊब जाते. काय बाई आहेस," त्याने कपाळावर हात मारला. एवढं सांगूनही ती चिकटपट्टी तशीच. दगडावर डोकं आपटावं तसं झालं होतं त्याला. आपण हिला शिकवतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. टोमणे मारल्याशिवाय राहवत नव्हतं, इतकंच.

विजेची नारिंगी वायर घरातून निघून फ्रीजजवळून पत्र्याच्या शेडमागे गेली होती. "एवढी लांब वायर? चर्चपर्यंत न्यायचीय?" यावर ती फक्त हसली.

जत्रेच्या आदल्या गुरुवारी लोरीन स्वतःच कुंपणाशी आली. हातात बशी, बशीत टासोचा तुकडा.

"फादरना आवडला. म्हणाले, अगदी तुमच्या बाबांच्या हातचा."

ओडिलॉनने तुकडा तोंडात टाकला आणि लगेच गवतावर थुंकला. डांबर चघळल्यासारखं झालं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही घाण, आणि बाबांच्या नावावर?

"पाइनचं लाकूड घातलंस ना? बाबा पिकानशिवाय दुसऱ्या लाकडाला हात लावत नव्हते. आणि मांस ओलंच टांगलंस. मसाला लावल्यावर पंख्याखाली ठेवायचं, वरून चिकट होईपर्यंत. त्याशिवाय धूर बसत नाही."

"फादरना तर काही फरक कळला नाही."

"फादरला काय कळतंय? शेवटच्या तासाला बाबा उसाचं वाळलेलं चिपाड टाकायचे. मूठभर. तो गोडवा कुठाय यात? सांग, कुठाय?"

बोलून गेल्यावर तो थबकला. हे त्याने क्लेबरलाही कधी सांगितलं नव्हतं. पण अंगणातल्या त्या कळकट डब्याकडे त्याची नजर गेली आणि त्याला हसू आलं. त्यात चिपाड घातलं काय नि चंदन घातलं काय, सारखंच.

"बशी धुऊन ठेव," तो म्हणाला, "आणि सामान बांधायला घे."

शनिवारी सकाळी जत्रेला न्यायचा आपला टासो गाडीत चढवताना ओडिलॉनचे हात थांबले. हवेत बाबांचा वास होता. बाबा धुरीघरातून जेवायला यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला यायचा, तोच. त्याने धुरीघराकडे पाहिलं. कुलूप जागेवर होतं, आत विस्तव नव्हता.

वास कुंपणापलीकडून येत होता.

तो कुंपण ओलांडून गेला. अंगणातला फ्रीज गार होता. त्याला वायर जोडलेलीच नव्हती. नारिंगी वायर त्याच्या शेजारून पुढे गेली होती, शेडमागे. ओडिलॉन तिच्या मागोमाग गेला.

शेडमागे दुसरा फ्रीज उभा होता, जुन्या काळचा. वरचं झाकण बोटभर उघडं, त्यातून निळसर धुराची बारीक धार निघत होती. त्याने दार ओढलं. आत पत्रा होता. स्टीलच्या जाळ्यांवर तांबूस टासो ओळीने मांडला होता आणि खाली शेगडीवर मूठभर चिपाड धुमसत होतं.

"दार लावा, भावोजी, ऊब जातेय," मागून लोरीन म्हणाली. "आणि तो अंगणातला हवा तर घेऊन जा. तुमच्यासाठीच केला होता."