पुंजाजींची वही

थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या वर्षी तायडे मास्तरांनी ब्लॉग सुरू केला. त्यात आमदाराच्या कोलांटउड्या असत आणि गावच्या नळाला न येणारं पाणीही.

सलूनच्या बाकावर म्हातारे पुंजाजी रोज मोबाइल धरून तो ब्लॉग वहीत उतरवून घेत. त्यांचा पुतण्या आमदाराचा ड्रायव्हर. मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली.

“एवढं लिहून कोणाला दाखवता?”

“ऐकणारे आहेत की!” पुंजाजी हसले.

मास्तरांनी घाबरून राजकारण सोडलं आणि लोणच्यावर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पुंजाजींनी विचारलं, “मास्तर, आमदाराचं काय झालं? लोणचं आमची म्हातारी बरं घालते!”

हा आपल्याला बोलतं करतोय, असं वाटून मास्तरांनी बोलणंच टाकलं. पुढे पुंजाजी वारले, तर मास्तर मयतीलाही गेले नाहीत.

महिन्याने पुंजाजींची बायको वही घेऊन दारात आली. “ह्यांना मोबाइलवरचं अक्षर एकेक करून लावावं लागायचं, स्वतःचं तेवढं सरसर वाचता यायचं. म्हणून उतरवून घ्यायचे अन् गल्लीतल्या आम्हा बायांना वाचून दाखवायचे. आता कोण वाचणार?”

त्या संध्याकाळी मास्तरांनी गल्लीत बायांपुढे बसून नवा लेख वाचून दाखवला. त्यात उखडलेला रस्ता होता, आमदाराचं नाव होतं आणि शेवटची ओळ होती, ‘पुंजाजी इंगळे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी वारले.’