आरसा कोणी धरायचा
मेकॅनिकने दुरुस्त केलेलं तिसरं गेम-मशीन परत आलं. “पोरं गॉगल लावून खेळतात,” पार्लरवाल्याची तक्रार होती. मशीनच्या पाठीमागे बसून मेकॅनिक स्क्रू फिरवी आणि चित्र दिसावं म्हणून बायको समोर आरसा धरी. तीस वर्षं तिने आरसाच धरला; “तुझ्या हाताला अंदाज नाही” म्हणत त्याने स्क्रूड्रायव्हरला बोट लावू दिलं नाही. आज त्याने ब्राइटनेस वाढवत नेला. स्क्रीन पांढराफटक पडला, लाल रंग धुऊन गेला. “अजून अंधारच. आरसा पूस की.” आरसा लख्ख होता. तिन्ही मशीनांचा हिशेब तिला लागला. तरी तिने सावकाश काच पुसली. “आता बघा.” त्याने डोळे चोळून पुन्हा आरशात बघितलं. मग तो चाचपडत पुढे आला. त्याने स्क्रूड्रायव्हर तिला देऊन आरसा घेतला. “जा मागे. जपून फिरव, आरसा धरणारा नवीन आहे.”