सासऱ्यांची चाल

महिन्याच्या अखेरच्या दिवशी, सायंकाळी, एका रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील लांब मार्गिकेत दोन साडू येरझाऱ्या घालीत होते. एक जिन्याच्या बाजूने, दुसरा खिडकीच्या बाजूने. मध्यावर गाठ पडे तेव्हा दोघेही मान हलवीत आणि एकमेकांच्या मनगटाकडे पाहत.

थोरला वीजपुरवठा कार्यालयात हिशेबतपासनीस होता. धाकटा त्याच कार्यालयासाठी घरोघर फिरून मीटरचे आकडे टिपून आणी. कर्मचाऱ्यांनी चालावे म्हणून कार्यालयाने प्रत्येकाच्या मनगटावर पावले मोजणारा पट्टा बांधला होता. प्रवेशद्वाराशी लावलेल्या पडद्यावर, ज्याची पावले अधिक त्याचे छायाचित्र वर, या क्रमाने सर्वांची छायाचित्रे झळकत, आणि महिनाअखेर जो सर्वांत वर असेल त्यास जादा पगार मिळे. योजना निघाल्यापासून धाकटा सर्वांत वर होता आणि थोरला नेमका त्याच्या खाली. पगाराचे थोरल्यास फारसे दुःख नव्हते. रोज सकाळी साडूच्या हनुवटीखाली आपले डोके पाहून कामास लागावे लागे, हे त्याला सोसत नव्हते. ज्या चालण्याचा पगार धाकट्यास मिळतच होता, त्याच चालण्याचे बक्षीस पुन्हा का द्यावे, असा सविस्तर आक्षेप त्याने वरिष्ठांकडे नोंदविला होता. "मग तुम्हीही चाला की," एवढेच उत्तर आले.

खोलीत दोघांचे सासरे होते. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आज त्यांना प्रथमच चालवायचे होते. जमले तर उद्या घरी. कोणाच्या घरी, हे ठरले नव्हते. थोरल्याने आपल्याकडची उजेडाची खोली रिकामी करून ठेवली होती. धाकट्याचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे. निदान या बाबतीत तरी तुलना होऊ शकत नाही, असे थोरला मानून चालला होता.

"अहो, बसा ना घटकाभर," त्याची बायको दारातून म्हणाली. "ती परिचारिका मला विचारत होती, यांच्याकडे बाळंतपण आहे का म्हणून."

"त्याला सांग बसायला."

"बसतो की, दादा," धाकटा जाता जाता म्हणाला. "आधी तुम्ही." आणि तो हसला. ते हसणे थोरल्यास वळणापर्यंत टोचत राहिले.

तेवढ्यात व्यायाम करवून घेणाऱ्या बाई सासऱ्यांना धरून बाहेर आल्या.

"उजवीकडे मी आहे. डावीकडे घरचं माणूस हवं. घाई नाही हं, आजोबा. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, मग दुसरं."

थोरला थबकला. असली घसटती पावले पट्टा धरीत नाही, हे त्याने स्वतः पडताळून पाहिले होते. धाकट्यासही ते ठाऊक असणारच. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग धाकटा पुढे झाला आणि त्याने सासऱ्यांच्या काखेत हात घातला.

थोरल्यास आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याने वेग वाढविला.

पहिल्या फेरीत तो त्या तिघांच्या बाजूने गेला तेव्हा धाकटा म्हणत होता, "खाली नका बघू, बाबा. समोर बघा."

दुसऱ्या फेरीत सासरे बोलत होते. "नोकरीच्या पहिल्या दिवशी शेजाऱ्याचे बूट उसने आणले. अंधारात घातले. निघाले दोन्ही डाव्या पायाचे!"

"दोन्ही डावे?"

"दोन्ही! आणि साहेब म्हणतात, असे तिरपे काय चालता?"

बाई हसल्या. सासरे हसता हसता थांबले, आणि धाकटाही तेथेच त्यांच्यासाठी थांबला.

थोरल्याने ही हकीकत कधी ऐकली नव्हती. तो या घरचा पहिला जावई. पण इतक्या वर्षांत सासऱ्यांनी त्याला बँकेच्या व्याजदरापलीकडे काही विचारले नव्हते. साहेबांना पुढे काय सांगितले, हे ऐकावे म्हणून तो अलीकडूनच वळला आणि लगबगीने आला. तो पोहोचला तेव्हा गोष्ट संपलेली होती आणि बाई डोळे पुशीत होत्या.

तो पुढे गेला. थांबणे आता शक्य नव्हते. नंतरच्या फेऱ्यांत त्याच्या कानी अर्धी अर्धी वाक्ये पडत राहिली: "तुझ्या सासूबाईंना अजून..." आणि "कोणाला सांगू नकोस हं, पण..." धाकट्यास सासरे एकेरी हाक मारतात, हेही त्याला आजच कळले. थोरल्यास मात्र ते सदैव 'अहो' म्हणत, आणि तो त्यास मान समजत आला होता.

पट्टा थरथरला. वर चढल्याची बाणाची खूण उमटली. थोरला अखेर उभा राहिला.

"गेलो बरं का वर," तो मोठ्याने म्हणाला.

"वा, दादा! छान झालं," धाकटा म्हणाला. "जरा बाजूला होता का? बाबांना वळायचंय."

धाकट्याने आपल्या मनगटाकडे पाहिलेदेखील नाही. त्याने पाहावे, आणि त्याचा चेहरा उतरावा, यासाठी थोरल्याने त्या क्षणी तो जादा पगार सोडून दिला असता.

सासरे खिडकीजवळच्या बाकावर टेकले. बाईंनी त्यांच्या पायावरून हात फिरवला आणि त्या समाधानाने म्हणाल्या, "उत्तम. उद्या घरी. कोणाकडे जायचं, आजोबा?"

थोरला घाम पुशीत पुढे आला. त्याला धाप लागली होती.

"बाबा, आमच्याकडे... सगळं तयार आहे."

सासऱ्यांनी त्याच्याकडे आपादमस्तक पाहिले. दृष्टीत राग नव्हता. थोडी काळजीच होती.

"तुमच्याकडे नको, जावईबापू," ते म्हणाले. "तुम्हाला नुसतं बघूनच दम लागतो मला."