चव सांगणारा नवरा

"भोपळा भाजून घेतलाय की उकडून?" त्याने वेटरला विचारलं.

वेटर आत गेला, विचारून आला. भाजून.

"आणि आलं?"

"ताजं, किसून घातलंय."

"वरून?"

"क्रीम. आणि चिमूटभर मिरपूड."

समोर बसलेल्या बायकोने नॅपकिन तोंडावर धरून हसू लपवलं. "अहो, सूप प्यायला आलोय आपण. त्यांची तोंडी परीक्षा घ्यायला नाही."

"नीट माहिती नको? मग तुला सांगू काय?"

वेटर वाट मोकळी झाल्यासारखा सटकला. खिडकीतून दुपारचं ऊन पांढऱ्या टेबलक्लॉथवर पडलं होतं. गेल्या पाच महिन्यांतलं हे त्यांचं विसावं रेस्टॉरंट. त्याची अट एकच असायची, नॅपकिन कापडी हवा. कागदी नॅपकिन दिसला की तो दारातूनच मागे फिरायचा.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, ती शाळेत गाणं शिकवायची. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. त्यांतली साडेपंचवीस वर्षं तो तिच्या हातच्या जेवणाला "ठीक आहे" म्हणत आला होता. फारच खूश असला तर "बरं झालंय". एकदा तिने चिडून विचारलं होतं, "बरं म्हणजे किती बरं?" त्यावर बराच विचार करून तो म्हणाला होता, "बऱ्यापैकी."

मग सात महिन्यांपूर्वी दोघंही आठवडाभर तापाने अंथरुणाला खिळले. ताप उतरला, पण तिच्या तोंडाची चव काही परतली नाही. चहा म्हणजे गरम पाणी, भात म्हणजे ओला कापूस. डॉक्टर म्हणाले, येईल, वेळ लागेल. खात राहा आणि चवी आठवत राहा. पण आठवायचं कसं? ताटासमोर बसलं की तिला रडू यायचं. कपडे ढगळ व्हायला लागले, घरातलं गाणंही थांबलं.

एका संध्याकाळी तो पान्हे पुसत बसला असताना म्हणाला, "रविवारी बाहेर जेवायला जाऊ. तू खा. चव मी सांगतो."

"तुम्ही? सांगणार?"

पहिल्या रविवारी त्याने माशाचा तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले, घसा खाकरला आणि म्हणाला, "मासा... माशासारखा आहे."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. कित्येक आठवड्यांनी हसली होती. तिने अर्धी प्लेट संपवली.

तेव्हापासून तो पेटलाच. मेनू परीक्षेच्या पुस्तकासारखा वाचायचा, वेटरला भंडावून सोडायचा. मग एक घास घ्यायचा, छताकडे बघायचा आणि बोलत सुटायचा. परवा नणंदेने तिला फोन केला होता. "वहिनी, दादा बरा आहे ना? माझ्याशी अर्धा तास वांग्यावर बोलत होता."

सूप आलं. त्याने एक चमचा घेतला.

"हं. सुरुवात तळमजल्यावर. भोपळा, गोडसर, जरा धुरकट. दार बंद होतं. आता आलं चढायला लागतं, पहिला मजला, दुसरा... तिसऱ्यावर मिरी. जरासा धक्का. आणि दार उघडलं की समोर क्रीम उभं!"

शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. तिने सूप संपवून बाउल ब्रेडने पुसून घेतला.

"कंटाळा नाही ना येत तुम्हाला?" तिने विचारलं. "दर रविवारी हे असं..."

"मला? छे!" त्याने चमचा उलटसुलट करून पाहिला. "तुला काही जाणवतंय का? थोडंसं तरी?"

हे तो दर रविवारी विचारायचा.

"बघू या, पुढच्या रविवारी," ती म्हणाली. हे तीही दर रविवारी म्हणायची.

मासा झाला, भाजलेले बटाटे झाले. शेवटी चॉकलेट पुडिंगच्या दोन वाट्या आल्या. त्याने पहिला चमचा तोंडात घातला आणि खुर्चीत मागे रेलला.

"अहाहा. आता लिफ्टबिफ्ट नाही. हे म्हणजे पाहुणे गेल्यावर आपल्या सोफ्यावर पाय पसरून बसणं. गोड, पण नुसतं गोड नाही. मऊ. लहानपणी आजारी पडल्यावर आई डोक्यावरून हात फिरवायची ना, तसं."

तिने चमचा तोंडात घातला आणि क्षणभर डोळे मिटले.

"अजून सांगा ना."

त्याने सांगितलं. गोडीचे थर सांगितले, दुधाचा सायीसारखा शेवट सांगितला. ती ऐकत ऐकत एकेक चमचा खात गेली. दोघांच्या वाट्या रिकाम्या झाल्या.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार धाडकन उघडलं आणि आचारी हातात टोपी चुरगाळत थेट त्यांच्याकडे आला.

"माफ करा साहेब, माझी चूक झाली. पुडिंगमध्ये साखर घालायचीच राहिली. सहा टेबलांवरून परत आलंय. एका बाईंनी तर नॅपकिनमध्ये..." बोलता बोलता त्याची नजर वाट्यांवर गेली. त्याने वाकून एकीत पाहिलं, मग दुसरीत. "तुम्ही... संपवलंत?"

आचारी डोकं खाजवत दुसरं काहीतरी आणायला आत गेला.

नवऱ्याचे कान लालबुंद झाले होते. तो आपल्या रिकाम्या वाटीकडे बघत राहिला. "मलाही... त्या तापापासून चव लागत नाही," तो पुटपुटला.

तिने पाण्याचा ग्लास उचलला, एका दमात संपवला आणि त्याचा हात हातात घेतला.

"कडूजहर होतं हो. पहिल्या चमच्यालाच कळलं मला," ती म्हणाली. "पण तुम्ही इतकं गोड सांगत होतात, म्हटलं संपवावंच."