बारावी कुंडी

पौष लागला आणि परभणीच्या तहसीलदारसाहेबांनी शिक्क्यासकट हुकूम काढला: हैदराबादहून आणलेल्या गुलाबांच्या अकरा कुंड्या दिवस मावळायच्या आत बंगल्यात गेल्या पाहिजेत. काम वेठीचं, म्हणजे फुकटचं. त्यासाठी ताडकळसचा चंद्रभान धरून आणला होता. संध्याकाळी कुंड्या आत न्यायच्या, सकाळी उन्हात मांडायच्या, आणि मधली रात्र अंगणात काढायची.

कचेरीतले पेशकार अनंतराव एकेक पान कुरवाळत उभे होते. "हळू रे! लय नाजूक जीव आहेत. हिव सोसत नाही त्यांना." मग त्यांची नजर चंद्रभानच्या खांद्यावर गेली. "ते घोंगडं दे इकडं. दाराजवळच्या गुलाबाला वारं लागायलंय."

"मालक, मग मी काय पांघरू?"

"तुझी काय पानं गळायलीत का?"

चंद्रभाननं घोंगडं काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अनंतरावांनी आत आलेल्या कुंड्या पाहिल्या. अकराच्या अकरा ठीक होत्या. समाधानानं दार लावायला गेले, तर पायरीशी आणखी एक कुंडी. गेल्या हिवाळ्यात जिच्यातलं झाड मेलं होतं, ती रिकामी. तिच्यातल्या मातीत घोट्यापर्यंत पाय पुरून चंद्रभान उभा होता.

"अरे, हे काय करायलास?"

"पानं फुटायची तवा फुटतील, मालक," चंद्रभान कुडकुडत म्हणाला, "आदी आत तर घ्या."