साडूचा स्पीकर

"एवढ्याशा डब्यातून डग्गा काय ऐकू येणार?" साडूच्या नव्या स्पीकरकडे बघत मोरेश्वर म्हणाला. त्याने स्वतः बनवलेले कमरेइतके उंच स्पीकर सासऱ्यांच्या बैठकीत कित्येक वर्षं मानाने उभे होते.

साडूने सासऱ्यांच्याच तबल्याचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. डग्ग्याची प्रत्येक थाप खोल, स्वच्छ उमटली. मोरेश्वरच्या पोटात दुखू लागलं. "खाली काहीतरी लपवलंय," म्हणत त्याने स्पीकर उचलला, तर त्याच्या दोन बाजूंना बसवलेले गोल रबरी पडदे हाताला धडधडताना जाणवले.

"यांना वायरच नाही," साडू उत्साहाने सांगू लागला. "पुढचा पडदा आतली हवा जोरात दाबतो, त्या हवेने हे हलतात. किती हलायचं ते आतली चिप सांभाळते, म्हणून थाप रेंगाळत नाही."

सासरे डोळे मिटून ऐकत होते. आता साडूचं कौतुक होणार, म्हणून मोरेश्वरने तोंड फिरवलं.

"तुमच्या स्पीकरवर माझं रेकॉर्डिंग ऐकलं की बोल एकात एक मिसळायचे, मोरेश्वरराव," ते हळूच म्हणाले. "मला वाटायचं, माझाच हात जड झालाय. म्हणून तर वाजवणं सोडलं."

मोरेश्वरचा चेहरा उतरला. त्याने स्पीकर जपून खाली ठेवला आणि आतून तबला-डग्गा आणून सासऱ्यांसमोर मांडला.