खुणेवरचं पाणी

बाबांच्या टेबलावर कार्बोरेटरचे सतरा सुटे भाग होते आणि ते धुवायला दोन अल्ट्रासॉनिक क्लीनर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाणी थरथरवून मळ काढणारी यंत्रं, एक दोन लिटरचा, एक सहा लिटरचा. दुकानदाराने दोन्ही दिवसभर वापरून बघायला दिले होते. संध्याकाळी एक परत करायचा होता.

बाबा गेल्यापासून गॅरेज आई चालवते. पेट्रोलने तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, तरी बाबांचं पेट्रोलचं घमेलं तिच्याच्याने सुटत नव्हतं. बाबा त्यात डावा हात मनगटापर्यंत बुडवून बसायचे आणि तळाशी गेलेला जेट, पेट्रोल सोडणारा तो बारीक भोकाचा भाग, न बघता बोटांनी शोधून काढायचे.

“चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही,” मी माहितीपत्रक वाचून सांगितलं.

“म्हणजे तुझ्या बाबांनी आधी हातच घातला असता,” आई हसली.

लहान यंत्रात सगळे भाग मावेनात. मोठ्यात मी खुणेपर्यंत पाणी भरलं, भागांची जाळी आत सोडली आणि आठ मिनिटं चालवलं. भाग लख्ख निघाले. पण यंत्र चालू असतानाच जाळी बाहेर काढली तरी पाणी खुणेच्या वरच राहिलं.

मी बटण बंद केलं. पाणी सावकाश खुणेवर उतरलं.

आईने वाकून त्या रिकाम्या पाण्यात बघितलं.

“हाच ठेवू,” ती हळूच म्हणाली. “पुन्हा लाव बघू. आत काही घालू नकोस.”

मी बटण दाबलं आणि पट्टी धरली.

खुणेच्या वर नऊ मिलिमीटर. मनगटापर्यंत बुडवलेल्या एका हाताएवढं.